पहिला घास

काकासाहेबांनी रक्ततपासणीचा अहवाल टेबलावर ठेवला, तेव्हा त्याच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा करडा ठसा उमटला. भुजंगला तो दिसला. पण परतूरच्या जमीनदाराचा अंगठा कोण तपासतो?

प्रभावतीबाईंनी कागदाची जपून घडी केली. जालन्यात तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर त्या लोकांच्या अडचणींचा छडा लावत. भुजंग त्यांचा धाकटा दीर. हे अशीलही त्यानेच आणलेले.

"तीन वर्षांच्या नातीच्या रक्तात शिसं," काकासाहेब म्हणाले. "सून काजळातून विष घालून राह्यली. आज सांजच्याला तिला टेंभुर्णीला माहेरी धाडतो. पोर हितंच ऱ्हाईल. तुम्ही पुरावा द्या."

भुजंगने मान खाली घातली. काजळात शिसे असते, हे वर्तमानपत्रात वाचून त्यानेच त्यांना सांगितले होते.

"आत्ता कुठून आलात?" प्रभावतीबाईंनी विचारले.

"क्लबातून. आज रविवार न."

कापसाच्या जिनिंगच्या बंद गोदामात काकासाहेबांनी एअरगनने नेमबाजीचा क्लब काढला होता. झाडलोट भुजंगकडे.

काकासाहेबांनी कोटाच्या खिशातून चूर्ण काढून तोंडात टाकले. "वर्षभर पोट साफ न्हाई. नेमबी चुकून राह्यला. वय झालं."

दुपारी तिघांना घेऊन जीप परतूरला पोचली. दारात सुनेची, उषाबाईची, ट्रंक बांधून ठेवलेली होती.

"काजळ मीच धरते, एरंडेलाच्या दिव्यावर," ती म्हणाली. "मीबी लावते. हीच डबी दिवाळीला माहेरी नेल्ती. महिनाभर माझी कौसल्या ठणठणीत होती."

"तिथं आईबापाची नजर असती, म्हणून," काकासाहेब बाहेरून बोलले.

स्वयंपाक करणारी साळूबाई कंबरेवर हात ठेवून उभी होती. "सगळ्यांला एकाच पातेल्यातलं वाढते. म्याबी तेच खाते. मला काय झालं? बघा की, म्हैस हाय म्हैस."

"मुलीला भरवतं कोण?"

"पहिला घास आजोबाचाच. क्लबातून आले की कोटासकट मांडीवर घेत्यात. आईपुढं पोर तोंडच उघडत न्हाई."

"हात धुतात?"

"तांब्याभर पाणी घेत्यात की."

प्रभावतीबाई बैठकीत आल्या. अहवालावरच्या ठशावर त्यांनी व्हिनेगरचा थेंब सोडला, जरा थांबल्या आणि पिशवीतल्या बाटलीतून पोटॅशियम आयोडाइड टाकले. करडा ठसा हळदीसारखा पिवळा झाला.

"हे शिसं. अंगठा तुमचा."

काकासाहेबांनी अंगठा डोळ्यांसमोर धरला.

"अन्नात असतं तर साळूबाई आजारी पडली असती. काजळात असतं तर दिवाळीत पोर बरी झाली नसती. डबी तीच, आई तीच. टेंभुर्णीला फक्त तुमचा हात नव्हता." त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा सपाट होता. "छर्रे शिशाचे. बंद गोदामात धूळ बाहेर जात नाही, कोरड्या झाडूनं पुन्हा उडते. तुमच्या श्वासात जाते, कोटाला बसते, बोटांना चिकटते. नुसत्या पाण्यानं निघत नाही. तुमचं पोट आणि नेम वयानंच बिघडला, हे मी रक्त तपासल्याशिवाय मानणार नाही."

"म्हंजी मीच..." काकासाहेब म्हणाले.

"काजळाचं मी सांगितलं होतं," भुजंग म्हणाला. "झाडूबी माझाच."

"बातमी खरी होती, भावजी. काही काजळांत शिसं असतं. या घरात आधी एक प्रश्न विचारायचा होता: मुलीला भरवतं कोण?" त्या काकासाहेबांकडे वळल्या. "गोदामाला हवा खेळू द्या. झाडू बंद, ओलं फडकं. तिथं खाणंपिणं नको. कोट तिथंच ठेवा, हात साबणानं धुवा. उद्या पोरीला डॉक्टरांकडे न्या, तुमचं आणि भावजींचं रक्तही तपासायला द्या."

भुजंग उठला. दारातली ट्रंक उचलून त्याने आत नेऊन ठेवली. उषाबाईकडे पाहण्याचे त्याचे धाडस झाले नाही.

संध्याकाळी ताट आले. कौसल्या सवयीने आजोबांसमोर येऊन तोंड उघडून उभी राहिली. काकासाहेबांनी कोट उतरवला होता, हात दोनदा घासले होते. तरी ते त्यांनी पाठीमागे धरले.

"उषा," ते म्हणाले, "घास तू दे. ह्या घरात मी तोंड दाखवायच्या लायकीचा ऱ्हायलो न्हाई."

उषाबाईने घास पुढे केला. पोरीने ओठ घट्ट मिटले.

तेव्हा काकासाहेब गुडघ्यांवर बसले आणि सुनेच्या हातासमोर त्यांनी स्वतःच "आ" केला. कौसल्या हसली, आणि तिनेही केला.