आई झोपलीय

खराडीच्या आयटी पार्कच्या फाटकाशी धोतर-टोपीतला एक म्हातारा वॉचमनला दम देत होता. "फाटक उघड. जवारीला पानी धरायचं हाय." वॉचमन हसत होता, गळ्यात आयकार्ड घातलेली तरुण मंडळी वळसा घालून आत जात होती. निशाही गेली असती. पण तिचे पाय थांबले.

"काका," ती जवळ जाऊन म्हणाली, "आज दिवसाची लाइट नाही. रात्रीची आहे. मोटर कशी चालणार?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "मंग आदी सांगायचं न्हाई व्हय," असं पुटपुटत तो कठड्यावर टेकला.

तेवढ्यात एकजण धापा टाकत खाली आला. विश्वजीत. कठड्यावर टेकलेले हिंमतराव त्याचे वडील, आणि ही इमारत उभी होती ती जमीन एकेकाळी त्यांचीच. मुलगा आता त्याच शेतात चौथ्या मजल्यावर प्रोग्रॅम लिहीत होता. तुम्हाला हे कसं जमलं, असं त्याने विचारलं.

"माझ्या आईचं असंच आहे," निशा म्हणाली. "वर्धेकडची, शेतकऱ्याची मुलगी. तिलाही सारखं विहिरीवर जायचं असतं."

आई आषाढातच गेली होती. आता दसरा आला होता. निशा पुढे सांगणार होती... पण त्याचे डोळे असे निवले होते, की तिला ते पुन्हा काळजीत पडलेले पाहवेना.

मग टपरीवरचा चहा सुरू झाला. आणि एक खेळ. ज्याच्या घरी आदल्या दिवशी जास्त गोंधळ, तो जिंकला. हरणाऱ्याने चहा पाजायचा. आबांनी चप्पल फ्रिजमध्ये ठेवली, असं विश्वजीत ऐटीत सांगायचा. निशा शांतपणे म्हणायची, आईने कुकरच्या शिट्टीला हळदकुंकू वाहून देवघरात ठेवलं. तो हात जोडायचा. "हरलो बाई. तुझ्या आईंपुढे आमचे आबा म्हणजे बालवाडी." बशी पुढे सरकवताना त्याची बोटं क्षणभर तिच्या बोटांपाशी रेंगाळायची. गोष्टी खोट्या नव्हत्या, फक्त जुन्या होत्या. मेलेल्या आईच्या जिवावर आपण चहा पितोय, याची तिला घरी जाताना इतकी शरम वाटायची, की ती बसमध्ये खिडकीच्या काचेतल्या स्वतःकडेही बघायची नाही.

खरं सांगायचं, तर त्याच्या मागचंही सांगावं लागलं असतं. आई गेल्यावर तिने रक्त तपासून घेतलं होतं. आईकडून एक आणि लवकर गेलेल्या बाबांकडून एक, अशी या विसरण्याच्या आजाराचा धोका वाढवणाऱ्या जनुकाची जोडी तिच्यात होती. डॉक्टर म्हणाले होते, हा धोका आहे, निकाल नव्हे. कित्येकांना काहीच होत नाही. तिने मान डोलावली होती. त्यानंतर कुणाचं नाव आठवायला जरा वेळ लागला, तरी तिच्या तळव्यांना घाम फुटायचा.

पौषातल्या एका रविवारी त्याचा फोन आला. "आबा ऐकेनात. तुझ्या आईंना हुरडा द्यायचाय. तुझ्या घराजवळ, कर्वेनगरच्या चौकात पोचलोय आम्ही."

निशाने भिंतीवरचा हार घातलेला फोटो उतरवला, साड्यांमागे सारला आणि आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"आई झोपलीय," ती दारातच हळू आवाजात म्हणाली.

हिंमतरावांनी लगेच ओठांवर बोट ठेवलं. मग तिघंही जमिनीवर बसून कुजबुजत हुरडा खायला लागले. विश्वजीत तिच्याकडे बघून मिश्कील हसत होता. चोरून भेटल्यासारखंच वाटत होतं. म्हाताऱ्याने मात्र एक वाटी मागून घेतली, हुरड्यातला कोवळा कोवळा दाणा निवडून तिच्यात भरला आणि गुडघ्यावर हात टेकत उठून ती बंद दाराशी ठेवली.

"उठल्या की खातील. मऊ हाय."

निशाला वर बघवेना. ती उठली, वाटी न लवंडता तिने दार उघडलं. आत रिकामी कॉट होती, गुंडाळलेली गादी होती. साड्यांमागून तिने फोटो बाहेर काढला.

"आषाढात गेली," ती विश्वजीतला म्हणाली. "आपण भेटलो त्याच्या आधीच."

त्याने हातातला हुरडा खाली ठेवला. "मग रोज त्या टपरीवर—"

"आई होती तोवर आजार तिचा होता. ती गेली, आणि आता माझी पाळी असं..." तिने तपासणीचंही सांगून टाकलं. "तू एक सांभाळतोच आहेस. दुसरी कशाला?"

विश्वजीत गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहिला. निशा फोटो छातीशी धरून बसून राहिली. आता तो आबांना घेऊन जाईल, असंच तिला वाटलं. तो आला, तिच्या हातातला फोटो काढून घेतला आणि भिंतीवरचा खिळा शोधू लागला.

"मी तर तपासलंच नाही," फोटो लावताना तो म्हणाला. "धीरच होत नाही."

हिंमतराव फोटोकडे बघत होते. "ही कोन?"

"माझी आई, काका. आषाढात गेली." निशा म्हणाली.

त्यांनी टोपी काढली. "आन आमाला सांगितलं न्हाईस, पोरी? भेटाया आलो आस्तो की."

थोडा हुरडा खाऊन झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा टोपी काढली, पुन्हा तेवढेच हळहळले. निशा या वेळी रडली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण हे विश्वजीतच्या डोळ्यांत बघून सांगतोय.

"आन ही पोरगी कोन?" हिंमतरावांनी मुलाला विचारलं.

"तिलाच विचारा, आबा," विश्वजीत म्हणाला. "आता खरं सांगते ती."

निशाने दाराशी ठेवलेली वाटी उचलली, म्हाताऱ्यासमोर येऊन बसली, आणि आईच्या वाटणीचा एकेक दाणा खात सांगू लागली.