वाट लावणारा

कुंडमची बस चढावर पुन्हा बंद पडली आणि मी मनातल्या मनात नोकरीला शिव्या घालत उतरले. जबलपूरहून रोज यायचं, दवाखान्यात दिवसभर सुया टोचायच्या, रोज परत जायचं… पंचविशीतच माझा पार भुगा झाला होता. दवाखाना समोर दिसत होता, उतारावर पायऱ्यांसारख्या उतरलेल्या भाताच्या बांध्यांपलीकडे, म्हणजे पाणी भरलेल्या खाचरांपलीकडे. म्हटलं, धुऱ्यावरून आडवी जाते.

धुरा म्हणजे दोन बांध्यांमधली मातीची पाळ, जेमतेम पाऊल मावेल एवढी. मधेच ती खचली. "आई गं" करत मी चिखलात बसले आणि वरच्या बांधीतलं पाणी माझ्या पाठीवर.

"सिस्टर जी, तिथंच बसा," वरून एकजण धावत आला. "तुम्ही उठल्या की सारं पाणी जाईन."

"मी काय बूच आहे?"

"सध्या तर आहा ना…"

चिखलाचे गोळे थापून त्यानं धुरा बांधला, मगच मला हात दिला. त्याचं नाव गुणवंत. आजोबा भंडाऱ्याहून जबलपूरच्या फॅक्टरीत आले, रिटायर झाल्यावर इथला हा उतार घेऊन त्यांनी बांध्या पाडल्या. आता हा एकटाच त्या सांभाळत होता.

"थकत नाही तुम्ही?"

"थकतो ना. पण वरचा एक धुरा फुटला, की खालच्या साऱ्या बांध्या जातात."

मग बस धड असली तरी मी अलीकडेच उतरू लागले. एकदा पाहते तर हा कुदळ घेऊन धुऱ्यावर वाकलेला.

"काय चाललंय?"

"तुमची वाट लावून राहिलो."

मी हसत सुटले. हिंदीत वाढलेल्या पोराचं मराठी, दुसरं काय.

"काहून हसता? वाट म्हणजे रस्ता ना? रुंद करून राहिलो."

खरंच, धुरा आता चांगला ऐसपैस झाला होता. कडेची रोपं मात्र गायब.

"इथलं धान कुठं गेलं?"

"काढलं. तुम्ही घसरता न…"

माझं हसू तिथंच थांबलं. माझ्यासाठी कुणी भाताची ओळ सोडेल, असं कधी वाटलं नव्हतं.

धान पिवळं झालं तेव्हा बदली आली. मी बांधीवर गेले.

"जबलपूरला बदली झाली. उन्हाळ्यात मीच मागितली होती. फार थकले होते हो."

त्याचा विळा थांबला. "अच्छा… चांगलं झालं, सिस्टर जी."

"पुन्हा सिस्टर म्हणाल तर आत्ताच जाते."

त्यानं हातातली पेंढी बांधून खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "तुम्ही कामानं नाही थकत. रोज परत जाता, त्यानं थकता. एकदा… परत नका जाऊ ना."

मला रडू येत होतं, आणि हसूही.

"म्हणजे माझी वाट लावायचं पक्कं केलंय तुम्ही?"

"हो. जिंदगीभर," तो अगदी मनापासून म्हणाला.

खरा अर्थ त्याला अजून कुणी सांगितला नव्हता. मीही सांगितला नाही. धुऱ्यावर त्याच्याशेजारी बसले. वर रस्त्यावर परतीच्या बसचा हॉर्न वाजत राहिला… पण मी उठले नाही. उठले असते, तर सारं पाणी गेलं असतं.