सोडा मशीन घ्यावं की नको

पिशवीचा बंद तुटला तो नेमका घरगुती उपकरणांच्या दुकानासमोर. सोड्याच्या सहा बाटल्या फुटपाथवर आपटल्या, त्यातल्या चार उतारावरून गडगडत निघाल्या आणि त्यांच्यामागे ती, हातात तुटकी पिशवी धरून. दुकानाची काच पुसत असलेल्या तरुणाने फडकं टाकलं, दोन बाटल्या पायाने अडवल्या, एक हाताने. चौथी बस थांब्यापाशी जाऊन आपली आपणच थांबली.

“इतक्यात उघडू नका हं,” बाटल्या तिच्याकडे देत तो म्हणाला. “रागावल्यात त्या.”

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. दिवसभर उभं राहून पाय भरून आले होते आणि एकट्या राहणाऱ्या बाबांचे चार मजले अजून चढायचे होते.

“एवढा सोडा कोण पितं?”

“बाबा. मूतखडा झाला होता त्यांना. डॉक्टरांनी बजावलंय, रोज तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे. साधं पाणी बेचव लागतं म्हणे. बुडबुडे असले तरच पितात.”

“मग घरीच करा की. या आत, मशीन दाखवतो. घ्यायलाच पाहिजे असं काही नाही.”

ती आत गेली. खरं तर तिच्याजवळ वेळ नव्हता, आणि घ्यायचं की नाही ते झटपट ठरवण्याची हातोटीही नव्हती. ती दोन गल्ल्यांपलीकडच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. खुर्चीत बसलेल्या माणसांना दिवसभर विचारायची, “पहिली काच बरी की दुसरी?” लोक पटापट सांगायचे. तिला स्वतःला मात्र साध्या चपला घ्यायच्या म्हटलं तरी दोन महिने लागत. घरात चेष्टेचा विषय होता तो.

त्याने मशीनला पाण्याची बाटली अडकवली आणि बटण दाबलं. मशीनने पोटभर जेवलेल्या माणसासारखी ढेकर दिली. पेला तोंडाला लावताच बुडबुडे तिच्या नाकात गेले आणि ती लागोपाठ दोनदा शिंकली.

“छान आहे,” ती नाक पुसत म्हणाली. “पण... लिंबाचा रस आधीच घालून केलं तर?”

असं करू नये, हे माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलेलं होतं, आणि तो ते पान येईल त्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचा. हे तिला नंतर कळलं. त्या क्षणी त्याने तिच्याकडे पाहिलं, पुस्तिका विसरला, रस घातला आणि बटण दाबलं.

फेस थेट छतापर्यंत गेला. उरलेला त्याच्या सदऱ्यावर आणि तिच्या चष्म्यावर बसला. गल्ल्यावर बसलेली त्याची आत्या, म्हणजे दुकानाची मालकीण, जागची हललीही नाही.

“वाचता येतं ना रे तुला?” तिने विचारलं.

“आत्या, काय करू नये ते दाखवत होतो.”

आता मात्र तिला हसू आवरेना. बाबांच्या दुखण्यापासून, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांत, ती इतकी हसली नव्हती. तिने चष्मा पुसला, बाटल्या नव्या पिशवीत भरल्या आणि दारातून म्हणाली, “विचार करून सांगते.”

“करा ना. घाई कुठे आहे...” तो म्हणाला. सुरुवात झाली ती अशी.

ती पुन्हा आली तेव्हा तो म्हणाला, “या आठवड्यात नका घेऊ. नवीन मॉडेल येतंय.” त्यानंतर आली तेव्हा त्याला बटणाची काळजी लागली.

“बटण जरा कडक आहे. बाबांच्या बोटांत जोर आहे ना?”

“बाबा शाळेत व्यायाम शिकवायचे. झालं तर बटणालाच काही होईल.”

मग त्याने ओट्याची मापं मागितली. तिने टेप लावून ती आणली, तर म्हणाला, “आणि वरच्या फळीची उंची?” तिने तीही आणली. एवढं होईपर्यंत दुकान बंद व्हायची वेळ यायची. मग तो तिच्या बाटल्या उचलून बाबांच्या जिन्यापर्यंत यायचा आणि पहिल्या पायरीशी दोघं उगाचच पाच-दहा मिनिटं उभी राहायची.

एकदा तो तिच्या दुकानात येऊन खुर्चीत बसला. डोळे दुखतात म्हणे. तिने अंधार केला, भिंतीवरची अक्षरं लावली.

“पहिली काच बरी की दुसरी?”

“दोन्हींतून तुम्हीच दिसताय.”

“अक्षरं वाचा. भिंतीवरची.”

त्याने खालची सगळ्यात बारीक ओळसुद्धा धडाधड वाचली. डोळे ठणठणीत होते. तिने तसं लिहून दिलं, पण लिहिताना तिचे कान तापले होते. बरं, मशीनचं काय ठरलं, असं तिच्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, अजून विचार चाललाय. असे तीन आठवडे गेले.

मग तिला ताप आला. तीन दिवस ती अंथरुणातून उठली नाही. फोनवर बाबा म्हणायचे, “पितोय गं पाणी, पितोय.” चौथ्या दिवशी पहाटे शेजाऱ्यांचा फोन आला. बाबा कळ सहन न होऊन गडाबडा लोळत होते. इस्पितळात दुपारपर्यंत दुखणं ओसरलं, पण डॉक्टरांनी तिलाच धारेवर धरलं. इतकं सांगूनही माणूस तीन दिवस पुरेशा पाण्यावाचून राहतोच कसा?

त्यांना घरी निजवून ती तडक दुकानात गेली. तो कुणाच्या तरी घरी पाण्याचा फिल्टर बसवायला गेला होता. आत्या एकटी होती.

“नवीन मॉडेल आलं का?”

“कुठलं नवीन?” आत्या चक्रावली. “अगं, हेच नवीन. येऊन सहा महिने झाले.”

“आणि ते कडक बटण...”

“कडक? शेंबडं पोर दाबेल.”

तिने मशीन तिथल्या तिथे घेतलं. खोकं उचलून वळली, तर तो दारात उभा, हातात हत्यारांची पिशवी.

“नवीन मॉडेल कधी येणार होतं?” तिने विचारलं.

त्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली. “येणार... नव्हतं.”

“मग?”

“तुम्ही मशीन नेलं असतंत, तर परत आला नसतात.”

एरवी हे ऐकून ती रात्रभर झोपली नसती. पण सकाळचा बाबांचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. “ते कळवळत होते,” ती म्हणाली, “आणि तुम्ही माझ्याकडून फळीची उंची मोजून घेत होता.”

“चुकलं माझं. फार चुकलं.” त्याने सबब सांगितली नाही. “निदान वरपर्यंत आणून देतो...”

“नको. सवय आहे मला.”

चार मजले ती रागाच्या भरात चढली. बाबांनी खोक्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

“परत कर ते.”

“का?”

“नको मला.”

“बाबा, का ते सांगा.”

ते भिंतीशीच बोलले. “हे आलं की बाटल्या बंद. बाटल्या बंद झाल्या की तू चार मजले कशाला चढशील?”

तिने खोकं खाली ठेवलं. “म्हणजे, साधं पाणी बेचव लागतं ते...”

“लागतं. पण इतकं नाही लागत.”

मग ती रडली आणि रडता रडता भांडली. एकाच माळेचे मणी आहात तुम्ही, म्हणाली. तो तिकडे नवीन मॉडेलची वाट बघायला लावतो, तुम्ही इकडे तहानलेले राहता. बाबांनी ‘तो’ कोण हे शांतपणे विचारून घेतलं, सगळं ऐकलं आणि मग ते उठून बसले.

“खोटं बोलला हे वाईटच. पण दिवसभर बारीक अक्षरं लावणारी तू. खोक्यावर ‘नवीन मॉडेल’ आणि खाली तारीख छापलीय ठसठशीत. ती तुला तीन आठवडे दिसली नाही?”

ती खोक्यावरची चिकटपट्टी सोलू लागली.

“आणि मशीन बघायला जाताना केस कोण विंचरतं? जिना चढून घामाघूम होऊन येतेस, पण भांग कसा जागच्या जागी.”

तिला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग एकदम मोकळंही वाटलं. तारीख तिने दुसऱ्याच खेपेला वाचली होती. मशीन घ्यायचं हे तर पहिल्याच संध्याकाळी, शिंकता शिंकता ठरलं होतं. आयुष्यात प्रथमच तिने काहीतरी चटकन ठरवलं होतं आणि तीन आठवडे ते स्वतःपासूनसुद्धा लपवलं होतं. तिघांनाही आपापलं माणूस हवं होतं आणि तिघंही सोड्याच्या आड लपली होती. त्याचा त्रास झाला तो बाबांना. हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

“बाबा, मी येणार,” ती म्हणाली. “बाटल्या असोत नसोत. पण मी आले नाही त्या दिवशीही तुम्ही पाणी प्यायचं. कबूल?”

“कबूल,” बाबा म्हणाले. “लाव ते मशीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात शिरली तेव्हा एक जोडपं मिक्सर बघत होतं आणि तो त्यांना भांडी दाखवत होता. तिला पाहून त्याच्या हातातलं झाकण खाली पडलं.

“मशीन चालत नाहीये का?”

“चालतंय. बाबा सकाळपासून दीड लिटर प्यायलेत.”

“मग... तक्रार करायला आलात?”

“कबुली द्यायला. नवीन मॉडेल येणार नाही हे मला माहीत होतं. पहिल्यापासून. तरी येत राहिले.”

“का?” त्याला उत्तर कळलं होतं. पण ऐकायचं होतं.

“तुम्ही आवडता म्हणून. नाहीतर हौसेने ओटे कोण मोजतं?”

मिक्सर बघणारं जोडपं मिक्सर बघायचं थांबलं. तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

“मला तर त्या फेसातच...” तो अडखळला. “म्हणजे तेव्हापासूनच. पण आता तुम्ही मशीन नेलंत. यायला कारण उरलं नाही.”

“तेच विचारायला आलेय. कारण नसताना आलं तर चालेल का?”

“रोज चालेल,” तो म्हणाला, आणि या वेळी जराही अडखळला नाही. मग गल्ल्याकडे वळला. “आत्या, मी जरा बाहेर जाऊन येतो.”

“कुठे?”

“अजून ठरलं नाही.”

“जा,” आत्या खुर्चीतून उठत म्हणाली. “मिक्सर मी दाखवते.”

संध्याकाळी दोघं चार मजले चढून गेली. उचलायला काही नव्हतं, तरी चढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. बाबांनी दार उघडलं.

“काय काम काढलंत?”

“काही नाही, बाबा. सहज.”

बाबांनी तिच्या हाताकडे पाहिलं, तो कुणाच्या हातात आहे ते पाहिलं आणि दार सताड उघडलं.

“मग बसा निवांत,” ते म्हणाले.