ओल्या मातीतले तहानलेले वेल

या डबड्याला माझ्या वेलांना हात लावायचा अधिकार कोणी दिला, असं द्वारकाबाईंचं सकाळपासून चाललं होतं. डबडं म्हणजे सोनबा, मंगळवस्तीच्या काचघरातला यंत्रमानव.

द्वारकाबाईंनी पृथ्वीवरच्या चौल गावाहून वालाचे दाणे आणले होते. वेल मांडवावर चढले, फुलांवर आले आणि आज बघतात तर सगळ्यांनी माना टाकलेल्या. सोनबाचं म्हणणं, माती ओली आहे, म्हणजे ही तहान नाही; रोग आहे. रोगट वेल उपटायचे, हा काचघराचा नियम.

"उपटून तर दाखव," द्वारकाबाई वाफ्यापुढे उभ्या राहिल्या. "शाळा दुसरीत सुटली माझी, पण तहानलेलं पान मला कळतं."

त्यांची नात क्षिप्रा मातीत बोट खुपसून म्हणाली, "पण आजी, माती खरंच ओली आहे. पाण्यात उभं राहून कोणी तहानलेलं कसं राहील? सोनबा, पानात पाणी असतं तरी कुठे?"

सोनबाने काचेवर चित्र उमटवलं. "पेशींमध्ये (सजीवाचं शरीर ज्यांनी बनतं ते इवलेसे घटक). प्रत्येक पेशीभोवती प्रद्रव्यपटल (अतिशय पातळ पडदा) असतं. ते मेदाच्या रेणूंच्या दोन थरांचं असतं. रेणूच्या डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना नको असतं. म्हणून डोकी बाहेरच्या बाजूंना आणि शेपट्या आत, एकमेकींकडे तोंड करून."

"शेपट्यांना कसलं आलंय तोंड," द्वारकाबाई म्हणाल्या. "पुढे बोल."

"या थरांत प्रथिनांची दारं असतात. पाणी सहज ये-जा करतं. मिठासारख्या क्षारांना मात्र मोजकी दारं, तीही पेशीला हवं तेव्हाच उघडणारी. म्हणून त्याला निवडक्षम पटल (निवडून आत सोडणारा पडदा) म्हणतात."

"अगदी आजीसारखं," क्षिप्रा म्हणाली. "दारातच ठरवायचं, कोणाला आत घ्यायचं ते."

द्वारकाबाईंना हे आवडलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. "आणि पाण्याला कोणी अडवत नाही?"

"नाही. ज्या बाजूला क्षार जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. याला परासरण म्हणतात."

द्वारकाबाई थबकल्या. "काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, ते हेच?"

"हेच. मीठ बाहेर, म्हणून पेशीतलं पाणीही बाहेर."

द्वारकाबाईंनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडं केलं. "खारट. काल कसलं पाणी ओतलंस रे?"

"तुम्ही पालेभाजी बुडवली होती ते. भाजी धुतलेलं पाणी झाडांना घालायचं, असं तुम्हीच सांगितलंत."

"आजी, तू त्यात मीठ घालतेस," क्षिप्रा हळूच म्हणाली.

"अळ्या निघायला नकोत?"

"मंगळावर अळ्या नाहीत," सोनबा म्हणाला.

"नसोत. मीठ घालायचं असतं." मग द्वारकाबाईंनी पदर खोचला. "माझ्या वाटणीचं अंघोळीचं पाणी आण. सगळं ओत. मीठ खाली वाहून जाऊ दे."

"मग आठवडाभर तुम्हाला अंघोळ नाही."

"वेलांची होतेय ना?"

दुपार कलली तशी एका पानाने मान उचलली, मग दुसऱ्याने. मुळांनी पाणी ओढलं, पेशी टम्म फुगल्या, आणि संध्याकाळपर्यंत मांडवावरचे सगळे वेल ताठ झाले होते. वस्तीतली माणसं काचेला नाक लावून बघायला आली. द्वारकाबाई जिंकल्यासारख्या मिरवत होत्या.

"आजी, मी मोठी झाले की असे वेल शोधीन, ज्यांच्या पेशींची दारं मीठ बाहेर हाकलतील," क्षिप्रा म्हणाली. "मग मंगळाच्या खारट मातीतही वाल होतील."

"शोध. तोवर हे जगवू." द्वारकाबाई सोनबाकडे वळल्या. तो खाली मान घालून उभा होता.

"माझं ऐकलंस, हा तुझा गुन्हा नाही. माती ओली दिसली म्हणून वेलांची तहान खोटी ठरवलीस, हा आहे. शिक्षा म्हणून या वालांचं पहिलं बिरडं तू शिजवायचंस. मीठ मात्र मी घालीन."