हलक्या हाताचा मच्छिंद्र

लाईट गेली म्हणून उठू नका, बसा. अंधारात गिटारी जिन्यावरून उतरवायला गेलात तर एकाची तरी मान मोडेल. गिटारीची म्हणतोय मी. तर दौंडला दुसरा ॲम्प बघायला जायचं चाललंय तुमचं. जा, जरूर जा. माझी हयात एसटीत तिकिटं फाडण्यात गेली, त्या डब्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण त्या डब्यापायी काय होऊन बसतं, ते आपल्या सत्यजीतमुळे मला कळलं. होय, तोच, कॉलनीच्या टोकाचा, हल्ली खाली मान घालून जातो तो. गच्चीच्या याच कट्ट्यावर बसून त्यानं मला सगळं सांगितलं. रातराणीवर इतकी वर्षं काढली, भुतानं माझ्याकडे कधी तिकीट मागितलं नाही. तरी हे मी खरं मानतो.

तिघांचा बँड होता. सत्यजीत, ड्रम वाजवणारा शाहनवाज आणि न्हावऱ्याचा मच्छिंद्र. सत्यजीत पुढची गिटार वाजवायचा, मच्छिंद्र मागची. म्हणजे ह्यानं मिरवायचं आणि त्यानं गाणं सावरून धरायचं. हळदी, गणपती, कॉलेजचं गॅदरिंग, जिथं बोलावतील तिथं जायचे. प्रॅक्टिस इथंच, शिरूरच्या मार्केट यार्डामागे, शाहनवाजच्या वडिलांच्या गोडाउनात. गिटारीचा आवाज मोठा करणारा ॲम्प एकच, दोन्ही गिटारी त्यातच. प्रत्येकाच्या आवाजाला वेगळं गोल बटण. ते सातच्या पुढं न्यायचं नाही, नाहीतर स्पीकर फाटतो, असा त्यांचा नियम होता, आणि मच्छिंद्र तो देवाच्या नेमासारखा पाळायचा.

मच्छिंद्र कुरकुंभला कंपनीत पाळीवर जायचा. घरी आई, सरूबाई, आणि तो. बोलणं कमी. पण न्हावऱ्यातल्याच एका हळदीत त्यानं मधला एक तुकडा असा वाजवला, की जेवणावरून माणसं उठली आणि "मच्छ्या, अजून एकदा!" म्हणून ओरडायला लागली. सत्यजीतनंही टाळ्या वाजवल्या. हसला. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी गोडाउनात गेला.

ती बटणं नुसती दांडीवर खोचलेली असतात. ओढली की निघतात, फिरवून खोचली की बसतात. सत्यजीतनं मच्छिंद्रचं बटण काढलं आणि तिरकं फिरवून बसवलं. आता खूण सातवर आली, तरी खरा आवाज जेमतेम दोनचा. एका दिवसापुरतीच जिरवायची होती त्याला. मग दुसरा दिवस आला, तिसरा आला, आणि ते बटण तसंच राहिलं.

मच्छिंद्रची गिटार कुजबुजायला लागली. शाहनवाजला बिचाऱ्याला काय माहीत! तो म्हणायचा, "मच्छ्या, जेवला न्हाईस का? मनगटात जोर लाव की."

सत्यजीत म्हणाला, "त्याचा हातच हलका हाय रे."

आणि मच्छिंद्रला ते पटलं. माणूस भला असला की असलं चटकन पटतं. पाळीवरून आला की तो मध्यरात्रीपर्यंत तारा झोडत बसायचा. जाड तारा लावल्या. बोटं फुटली, सरूबाई हळद लावायची, हा पुन्हा बसायचा. ढेकळं फोडावीत तसा वाजवायचा, पण गोडाउनात आला की आवाज तेवढाच.

शेवटी एक दिवस म्हणाला, "सत्या, दौंडात एकाकडं दोन ॲम्प इकायला हायत. माझ्यासाठी एक येगळा बघू. माझ्या हलक्या हाताला सांभाळून घेईल असा. तू संगट चल, तुला त्यातलं कळतं."

दुसऱ्या ॲम्पवर मच्छिंद्रनं नुसता हात टाकला असता, तरी बिंग फुटलं असतं. सत्यजीत हो म्हणाला, आणि जायच्या दिवशी ताप आला म्हणून फोन केला. मच्छिंद्र म्हणाला, "पडून राहा. मी नुसता बघून येतो."

जातानाच, अंधार पडल्यावर, पारगावच्या भीमेच्या पुलाजवळ मोटरसायकलसकट उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला तो. ट्रॉलीला दिवा नव्हता. जागच्या जागी गेला. पाठीवरच्या गिटारीला मात्र ओरखडासुद्धा नाही. ती न्हावऱ्याला घरी आणून ठेवली.

त्या रात्री सत्यजीत गोडाउनात गेला, आणि त्यानं ते बटण सरळ बसवून टाकलं. कुणी बघितलं नाही.

पावसाळ्यानंतर बँडमध्ये ज्ञानेश्वरी आली. कॉलेजची पोरगी, चांगली वाजवते. तिनं मच्छिंद्रच्याच जागी वायर खोचली, बटण सातवर नेलं आणि गोडाउन दणाणलं. शाहनवाज काठ्या हातात धरून थांबला. "ॲम्प तर चांगलाच हाय. म्हंजी बिचाऱ्याचा हातच हलका व्हता, न्हाई रं सत्या?"

बोलायचं असतं तर तेव्हा बोलायचं होतं. सत्यजीत म्हणाला, "व्हय."

मला हे सांगताना त्यानं तोंड भिंतीकडे केलं होतं, पोरांनो.

आता दोन दमदार गिटारी एका डब्यात भांडायला लागल्या. दुसरा ॲम्प घ्यायलाच हवा असं ठरलं. शाहनवाजला ताप होता, या वेळी खराखुरा. म्हणून गेल्या साली भोगीच्या दिवशी संध्याकाळी सत्यजीत एकटाच व्हॅन घेऊन दौंडला गेला. विकणारे तेच गृहस्थ. रेल्वेत गार्ड होते, चर्चमध्ये गिटार वाजवायचे. दोन्ही ॲम्प अजून त्यांच्याकडेच होते.

एक मोठा, काळा, दिसायला झोकदार. दुसरा लहान पण दगडासारखा जड. सत्यजीतनं आधी मोठ्यावर वाजवलं. मग लहानावर. लहानावर बोट नुसतं टेकलं, तरी आवाज खोलीभर झाला.

गार्डसाहेब म्हणाले, "हा घ्या. हलक्यातला हलका हातही यात लपत नाही." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "तुमचा जोडीदार बाहेर का उभा राहिलाय? गिटार आहे की त्याच्या पाठीला. त्यालाही वाजवून बघू द्या."

सत्यजीतनं पाहिलं. कुंपण होतं. खांबावरचा दिवा होता. त्याखाली कुणी नव्हतं.

"माझ्याबरोबर कुणी न्हाई आलेलं."

"असं? मग गेला वाटतं. बराच वेळ ऐकत होता."

सत्यजीतनं पुढे घासाघीससुद्धा केली नाही. लहान ॲम्प उचलला, व्हॅनमध्ये मागं ठेवला, वायर गुंडाळून वर टाकली आणि निघाला. पाटस गेलं. चौफुल्यावर चहा प्यायला म्हणून उतरला आणि चहा तसाच टाकून परत गाडीत बसला. केडगावच्या पुढं रस्ता रिकामा झाला. कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्याही सणामुळे तुरळक. थंडी मरणाची. भीमेवरून धुकं वर आलेलं.

अकराच्या सुमाराला तो पारगावच्या पुलावर चढला.

मागून आवाज आला.

गिटारीचा. अगदी बारीक. कुजबुजल्यासारखा.

त्याला वाटलं, मोबाइल असेल. मोबाइल खिशात होता, बंद. त्यानं आरशात पाहिलं. ॲम्पवरचा लाल दिवा लागला होता. आणि वायर… वायर तशीच गुंडाळलेली. वर ठेवलेली.

हळदीतला तोच तुकडा होता.

सत्यजीतचा पाय ब्रेकवर गेला. गाडी पुलाच्या मध्यावर थांबली. तुकडा संपला. पुन्हा सुरू झाला. या वेळी वाजवणारा जोर लावत होता. तारांवर हात आपटल्याचं कळत होतं. मनगट कळत होतं. पण आवाज वाढत नव्हता. पुन्हा सुरुवात. अजून जोर. आवाज तेवढाच. दोनचा.

पुन्हा.

पुन्हा…

"मच्छ्या?"

वाजवणं थांबलं.

खाली पाणी. वर धुकं. मागं कुणीतरी थांबलेलं. उत्तराची वाट बघत.

एकच वाक्य बोलायचं होतं. तुझा हात हलका नव्हता. बस्स, एवढंच. कुणी ऐकायला नव्हतं, कुणी हसणार नव्हतं. सत्यजीतनं तोंड उघडलं. आणि मग त्यानं काय केलं माहितेय? हात पुढं केला, गाडीतला टेप लावला. मोठ्यानं. होता तेवढा आवाज सोडला.

भुताला भिऊन नव्हे. मला म्हणाला, "आबा, भ्या कसलं? लाज वाटली. मेलेल्या माणसापुढं कबूल व्हायची लाज वाटली, आन् मी त्याला परत एकदा दाबला."

त्या गोंगाटाखाली, मागं कुठंतरी, एकदाच… टण्.

तार तुटली.

मग काही नाही. न्हावरं आलं, गेलं. शिरूर येईपर्यंत त्यानं टेप बंद केला नाही.

सकाळी संक्रांत. रात्रभर टक्क जागा असलेला सत्यजीत तिळगुळाचा डबा घेऊन न्हावऱ्याला गेला. सरूबाई दारातच भेटल्या. डबा बघून म्हणाल्या, "वरीस सरलं न्हाई बाबा अजून. औंदा आमच्यात सण न्हाई." त्याला हे सुचलंच नव्हतं. डबा हातात तसाच. तरी त्या माउलीनं आत घेतलं, चहा टाकला.

"रातच्याला मोठ्यानं गाणं लावून कोण गेलं की," त्या म्हणाल्या. "त्याच्या थोडं आधीच आत कायतरी वाजलं. जाऊन बघितलं तर मच्छ्याच्या गिटारीची तार तुटलेली. कुणी हात लावत न्हाई तिला, कुलपात असती."

त्यांनी कुलूप काढून दाखवलं. कोपऱ्यात गिटार उभी. अंगावर वर्षाची धूळ. सगळ्यात बारीक तार तुटून वर गोल वळलेली.

सत्यजीत तिथंच खाली बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. बटण, ताप, "व्हय" म्हणालेला तो दिवस आणि कालचा टेप, काही ठेवलं नाही.

सरूबाईंनी गिटारीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला म्हणायचा, आये, माझा हात हलका हाय. मी म्हणायची, आसंल बाबा." त्यांनी त्याच्या पुढचा कप उचलला. "मीबी तेच म्हणले. मला सांगून काय करतोस? त्याला सांग."

त्या बाहेर गेल्या. सत्यजीतनं धुळीतल्या गिटारीला सांगितलं. मोठ्यानं, शब्द न गाळता. काही झालं नाही. खिशात तारांचं पाकीट होतं, त्यातली एक काढून लावायला गेला. खुंटीला कशीबशी अडकवली आणि सोडून दिली. पिळली नाही, सुरात लावली नाही. लोंबत होती तशीच ठेवली. सरूबाईंनी कुलूप लावलं.

मग त्यानं शाहनवाजला सांगितलं. शाहनवाजनं काठ्या पिशवीत घातल्या आणि तो घरी गेला. बँड मोडला. मला सत्यजीत म्हणतो, "आबा, मच्छ्यानं पुलावर मानगूट धरली असती तर बरं झालं असतं."

महिन्याभरानं मच्छिंद्रचं वर्षश्राद्ध होतं. सत्यजीतचं पाऊल उचलेना, म्हणून मीही बरोबर गेलो. पानं उठल्यावर सरूबाईंनी कुलूप काढलं. गिटारीवरची धूळ तशीच होती. खुंट्यांवरही होती. बोटाची एकही नवी खूण नाही.

ती तार ताठ होती. सत्यजीतनं नखानं छेडली.

सुरात होती.