फौजदारबाईंचा फोटो

चष्म्याच्या दुकानाचं शटर वर केलं आणि तिच्या काळजात धस्स झालं. पायरीसमोर, फुटपाथवर, एक तरुण पालथा पडला होता.

"अहो! बरे आहात ना?"

"एकदम. फक्त... जरा बाजूला व्हाल? तुमची सावली पडतेय."

त्याच्या डोळ्याला कॅमेरा होता आणि कॅमेऱ्यासमोर गटाराच्या जाळीतून वर आलेलं इवलंसं रोप. ती बाजूला झाली, पण नजर काही हटवली नाही.

घरात तिला सगळे 'फौजदार' म्हणायचे, ते उगाच नव्हे. दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा ती दोनदा वाचायची. आणि हा माणूस तर दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन गल्लीतली भिंत मोजताना दिसला. मग एकदा विजेच्या खांबाला माइक टेकवून, डोळे मिटून उभा! रस्ता रुंद होणार, दुकानं जाणार, अशी कुजबुज गल्लीत होतीच. बाबांनी हे दुकान कसं उभं केलं, ते तिनं पाहिलं होतं. आणि समोरची शिवणकाम करणारी आत्या मात्र त्याला खुशाल चहा पाजत होती!

"आत्या, हा नक्की कुणाचा तरी माणूस आहे."

"असेना. माझं काय जातंय? गोड बोलतो बिचारा."

"गोड बोलतो, म्हणूनच तर..."

शेवटी तिनंच त्याला बोलावलं. म्हणाली, डोळे तपासून देते, फुकट. तो खुर्चीत बसला. तिनं त्याच्या नाकावर तपासणीची जाड भिंगांची जड फ्रेम चढवली. आता पळून जाणार कुठे?

"खालची ओळ वाचा. आणि भिंत का मोजत होतात, तेही सांगा."

"र... म... भिंतीवर चित्र काढायचंय. मालकांना विचारलंय."

"आणि खांबाला माइक?"

"खांब गुणगुणतो, ऐकलंय कधी? फोटो, चित्रं, आवाज... सगळं मिळून ही गल्ली उभी करायचीय मला. मोठ्या शहरात, एका कलादालनात. इतकी वर्षं लग्नाचे फोटो काढून पोट भरलं. आता कुठे कुणीतरी बोलावलंय."

"कॅमेरा दाखवा."

त्यानं निमूटपणे दिला. ती एकेक फोटो पुढे सरकवत गेली. आत्याच्या बोटातलं अंगुस्तान, तारांवरचे कावळे, सायकलवाल्याचे हसरे दात, तिचे स्वतःचे बाबा, चष्म्याची काच पुसताना! सगळी गल्ली होती. ती कुठेच नव्हती.

सुटकेचा निःश्वास टाकायचा सोडून तिला चक्क राग आला.

"मी नाही यात?"

"सगळ्यांना विचारून काढलेत," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला विचारायचं धाडस नाही झालं."

"मी काय खाते की काय?"

"नाही म्हणाला असतात तर... पुन्हा या गल्लीत यायला तोंड उरलं नसतं. आणि मला तर... रोज यायचं होतं."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"हे वाक्य आजवर किती जणींना ऐकवलंत?"

"आज पहिल्यांदाच जमलंय. तेही धड दिसत नाहीये म्हणून." त्या फ्रेममागचे त्याचे डोळे भलतेच मोठे दिसत होते. तिला हसू आवरेना.

तिनं फ्रेम काढून घेतली आणि त्याच्या हाती कॅमेरा दिला. "काढा. आधी मी बघणार."

ती दारातल्या उजेडात उभी राहिली. क्लिक झालं. तिनं बघितलं — नाक कुठे, डोळे कुठे, काही पत्ता लागेना.

"हललाय."

"हात... थरथरतोय," तो ओशाळून म्हणाला.

इतके दिवस तिनं त्याचा प्रत्येक शब्द उलटसुलट करून पाहिला होता. या थरथरत्या हातावर मात्र तिला शंका घेता येईना.

"मोठ्या शहरात कधी जायचंय?"

"पुढच्या आठवड्यात."

"मग तोवर रोज या," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "कॅमेरा विसरलात तरी चालेल."