पोटातला ट्रक

"तिनं खिडकी उघडली आणि..."

एवढं अर्धं वाक्य तिनं माईकसमोर वाचलं, आणि तेवढ्यात तिच्या पोटात गुडगुडलं. साधंसुधं नव्हे हो! आधी बारीक, मग लांबत गेलेलं, आणि शेवटी प्रश्न विचारल्यासारखं वर चढलेलं.

पहिला दिवस, वाचून रेकॉर्ड करायला मिळालेलं पहिलंच पुस्तक, आणि खोली एवढी बंद की आत डास शिरला तरी कळावं. ती लाजेनं अर्धी झाली. काचेपलीकडे बसलेल्या माणसानं कानावरचा हेडफोन जरासा सरकवला, तिच्याकडे न बघता बटण दाबलं आणि अगदी गंभीर आवाजात म्हणाला, "सॉरी मॅडम, बाहेरून ट्रक गेला वाटतं. परत घेऊया."

ट्रक! त्या खोलीच्या भिंती अशा गाद्यागिरद्यांनी मढवलेल्या, की डोक्यावरून विमान गेलं तरी पत्ता लागू नये. त्याला ते माहीत होतं. तिलाही माहीत होतं... आणि तिला माहीत आहे हे त्यालाही ठाऊक होतं. तरी दोघांनी मिळून तो ट्रक मान्य करून टाकला.

स्टुडिओत त्याला सगळे कानसेन म्हणायचे. आवाज टिपणं हे त्याचं काम, आणि कान असे तिखट की वाचणाऱ्यानं पान उलटायला बोट ओलं केलं तरी त्याला ऐकू यायचं. तिचं घरातलं नाव चिमणी. ते तिच्या आत्यानं ठेवलेलं. ती आत्याकडेच लहानाची मोठी झाली, आणि आत्याला तिचं भारी कौतुक. घरी कुणी आलं की सुरू... "आमची चिमणी म्हणजे दोन दाणे टिपले की झालं. कधी मागणार नाही हो, कधी म्हणून नाही!" हे ऐकत ऐकत न मागणं पोरीच्या अंगवळणी पडलं. भूक लागली की ती पाणी प्यायची.

त्यात नुकताच तिनं नवा प्रयोग सुरू केला होता. थकवा काही जाईना, म्हणून डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, भाज्या, डाळी, फळं, दाणे, सगळं भरपूर खा. हिनं बरोबर अर्धं ऐकलं. भाज्या घरी आणल्या आणि 'भरपूर' तिथंच दवाखान्यात ठेवून आली. मांस, अंडी, दूध बंद. आणि डब्यात काय, तर काकडीच्या चार चकत्या आणि थोडी हिरवी पानं. सशालासुद्धा दया आली असती.

मग काय, रोज ट्रक.

"आज काय होतं?" ती विचारायची.

"आज मालगाडी, मॅडम. चांगली लांबलचक होती."

"आणि काल?"

"काल ढग गडगडले."

"काल तर कडक ऊन होतं!"

"आता ढगांना कोण सांगणार..."

ती खुदकन हसायची. आणि ती हसली की काचेपलीकडे तो उगाचच कुठलं तरी बटण फिरवत बसायचा, ज्याला हात लावायची काही गरज नसायची. तीही आताशा घरून निघताना दोनदा आरशात बघायला लागली होती. आवाजाच्या कामात तोंड कोण बघतंय? पण बघायची.

असं सगळं छान चाललं होतं, पण स्टुडिओवाल्या बाईंना कामाशी मतलब. त्यांनी झालेलं सगळं ऐकलं आणि तडक खाली आल्या.

"आवाज गोड आहे पोरी, पण आवळलेला. काहीतरी दाबून धरून वाचल्यासारखा. आणि दर पानाला थांबायचं काय कारण?"

"मशीनमध्ये दोष आहे, बाई," कानसेन घाईघाईनं म्हणाला.

"गेल्या आठवड्यात आणलेल्या मशीनमध्ये? मला शिकवतोस?" बाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "शुक्रवारी मी स्वतः बसणार आहे. जमलं तर पुस्तक हिचं. नाही तर दुसरी वाचणारी तयार आहे."

बाई गेल्या आणि चिमणीचे डोळे भरून आले. पुस्तक जाणार! आणि पुस्तक गेलं की ही काच गेली, काचेपलीकडचा हाही गेला. यातलं जास्त वाईट कशाचं वाटलं, ते तिनं स्वतःलाही सांगितलं नाही.

"मॅडम..." तो दारात उभा होता. "रागावणार नसाल तर एक ऐकवू?"

त्यानं तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि हेडफोन तिच्या कानांवर ठेवला. सुरुवातीला नुसती शांतता. मग... गुडगुड. थोडं थांबून आणखी एक. मग तिसरी, जरा केविलवाणी.

"हे काय आहे?"

"तुम्ही. वाचनातून कापून काढलेले तुकडे. खरं तर हे टाकून द्यायचे असतात..."

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण हेडफोन काही तिनं काढला नाही. ऐकता ऐकता तिला कसंसंच व्हायला लागलं. कुणीतरी दार वाजवावं, ते कुणी उघडू नये, आणि तरीही त्यानं न रागावता पुन्हा वाजवावं, तसा तो आवाज होता.

"बिचारं," ती पुटपुटली. "किती हाका मारतंय मला."

"तुम्हाला ऐकू येत नाही?"

"येतं की. मी त्याला गप्प बसवते. मी चिमणी आहे ना... चिमणीला दोन दाणे पुरतात."

तो हसला नाही. "कुणी सांगितलं? आमच्या खिडकीत येतात ना चिमण्या, मी रोज बघतो. सकाळपासून अंधार पडेपर्यंत खातात हो त्या! दम म्हणून घेत नाहीत."

तिनं हेडफोन हळूच काढला.

"आता विचारा त्याला काय हवंय ते," तो म्हणाला.

"कुणाला?"

"पोटाला."

"काहीतरीच तुमचं!" ती म्हणाली खरी, पण तिनं डोळे मिटले. "...भोपळा. भाजलेला. वर शेंगदाणे. आणि पुष्कळ."

"बघा. विचारायचाच अवकाश होता."

त्या संध्याकाळी आत्या वाढत असताना ती म्हणाली, "आत्या, अजून वाढ."

आत्याचा डाव हवेतच थांबला. "कुणाला?"

"मला. भूक लागलीये मला."

"अगं, मग आजवर..." आत्यानं ताट भरून वाढलं, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून दोन हातांनी उचलावा लागेल एवढा भोपळा घेऊन आली.

मग खरे प्रयोग सुरू झाले. जे खायचं ते झाडावेलींचंच, पण पोटाला विचारून. मसुराचं सूप जमलं. तीळ घालून परतलेली कोबी तर फारच जमली. भिजवलेले हरभरे मात्र अंगाशी आले. ते तिनं एका बैठकीत मोठा वाडगाभर खाल्ले, आणि नंतर माईकसमोर जे काही झालं, ते विचारूच नका.

"आज तर अख्खा बाजार भरलाय, मॅडम."

"गप्प बसा हो!"

"मी गप्पच आहे. बोलणारं दुसरंच कुणीतरी आहे."

हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काचेपलीकडे त्यानं बिस्किटाच्या पुड्यात हात घातला, तो दिवसभर त्यातच असायचा.

"तुम्हाला भूक लागलीये?" तिनं विचारलं.

"नाही... हात रिकामा होता म्हणून."

"मग तुम्हीही विचारा की तुमच्या पोटाला."

त्यानं क्षणभर डोळे मिटले. "ते म्हणतंय... आज एकट्यानं जेवू नकोस."

दोघं पाण्याच्या मशीनशेजारच्या छोट्या टेबलावर जेवली. दोन डबे, एक चमचा. डबे रिकामे झाले, तरी उठावंसं कुणालाच वाटेना.

आणि शुक्रवार उजाडला. भीतीनं चिमणीच्या घशाखाली सकाळी घास उतरला नव्हता. बाई येऊन कानसेनच्या शेजारी बसल्या. ती वाचायला लागली, एक पान नीट गेलं, दुसरं गेलं... आणि ऐन रंगात आलेल्या प्रसंगात पोटानं हाक मारली. खणखणीत.

कानसेनचा हात बटणाकडे गेला. आता हा ट्रक म्हणणार की आगगाडी, कुणास ठाऊक! नेहमीप्रमाणे तिचं पोट आवळलं गेलं, आवाज आवळला गेला... आणि मग तिनंच पुस्तक खाली ठेवलं.

"थांबा. तो माझा आवाज आहे. मला भूक लागलीये. मी जेवून येते आणि मग वाचते."

बाईंनी चष्मा काढला.

"इतकी वर्षं वाचणाऱ्यांनी मला सर्दी सांगितली, घसा सांगितला, रस्त्यावरची गर्दी सांगितली," बाई म्हणाल्या. "भूक आजवर कुणी सांगितली नव्हती. जा, जेवून ये."

ती सावकाश जेवली. पुरे असं आतून कळेपर्यंत जेवली. परत येऊन तिनं तो प्रसंग एका दमात वाचला, आणि तिचा आवाज असा मोकळा लागला की वाचता वाचता तिचं तिलाच नवल वाटलं.

"पुस्तक तुझं," बाई उठत म्हणाल्या. मग कानसेनकडे वळल्या. "आणि मशीन आपोआप बरं झालं वाटतं?"

दार बंद झालं. ती जागची हलली नाही.

"येताय ना बाहेर?" त्यानं बटण दाबून विचारलं.

"नाही... एक वाक्य राहिलंय. पुस्तकातलं नाही."

त्याचा हात बटणावरच राहिला.

"बाहेर आले तर मला बोलता यायचं नाही, म्हणून इथूनच सांगते. आणि उपाशीपोटी माणूस काहीही बोलून जातो. मी भरल्या पोटी बोलतेय, नीट विचार करून." तिनं श्वास घेतला. "आजवर मी कुणाकडे काही मागितलं नाही. तुझ्याकडे मागतेय. मला तू हवा आहेस. रोज. जेवताना... आणि एरवीही."

तिनं काचेकडे पाहिलं.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं... पण परत घ्यावं लागेल."

"का? चुकलं माझं?"

"तुझं नाही. इकडे माझ्याच छातीत एवढी धडधड झाली, की शेवटचे शब्द त्यात बुडाले."

त्यानं हेडफोन काढून ठेवला आणि दार उघडून आत आला. मध्ये आता काच नव्हती, माईकही त्यानं बंद केला. तिनं परत सांगितलं, सगळं, पहिल्यापासून, 'तू'वर जरा थांबून. आणि तो 'हो' म्हणाला तो इतक्या हळू, की ते ऐकायला तिला अगदी जवळ जावं लागलं.